दौंडकरांनो, डी-२ची सुरी करून घ्यायचीय?

आपल्याकडे ऊसतोडीचा कोयता ट्रकच्या कमानपाट्यातून घडतो. तो घाव सोसतो. पण धार दीर्घकाळ टिकणारी सुरी हवी असेल तर डी-२ हे डाय स्टील मागा. त्यात सुमारे १.५ टक्के कार्बन आणि १२ टक्के क्रोमियम असतं. त्यांचे कठीण कार्बाइड कण झीज रोखतात.

खरी कसोटी पाणी देण्याची! हे पोलाद साधारण १०१० अंश सेल्सिअसला तापवून हवेतच थंड करतात. कोळशाच्या भट्टीत एवढं नेमकं तापमान धरणं फार अवघड. म्हणून पातं घासून आकाराला आणा आणि पुण्याकडच्या हीट ट्रीटमेंटवाल्याकडे द्या. कडकपणा रॉकवेल ६०च्या आसपास आला का, ते मोजून घ्या. धारेला डायमंड प्लेट लागेल. हाडं फोडायला मात्र सत्तूरच वापरा, डी-२ची धार उडते.