थांबलेल्या गाडीची मजुरी

भिवंडीजवळच्या माणकोली नाक्यावरून आत वळले की गोदामांची छपरे सुरू होतात आणि त्यांच्यासमोर गाड्यांच्या रांगाही. न्हावाशेवा बंदरातून आलेला कंटेनर डॉक मोकळा होण्याची वाट पाहत असतो. शेजारचा ट्रक सकाळीच खाली झालेला असतो, पण परतीचे भाडे अजून मिळालेले नसते. तिसरा ठाण्यातली अवजड वाहनांच्या बंदीची वेळ टळण्याची वाट पाहत असतो. वाहतूकवाले या थांबण्याला ‘हॉल्टिंग’ म्हणतात, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे यावरून गाडीमालक आणि माल पाठवणारा यांचे नेहमी वाजते.

याच वाया जाणाऱ्या तासांकडे काही संगणकशास्त्रज्ञ गेली पंधरा वर्षे वेगळ्या नजरेने पाहत आहेत. गाडी आता नुसती इंजिन आणि चाके राहिलेली नाही. तिच्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते, सिमकार्ड असते. गाडी उभी राहिली की हे सगळे रिकामे बसते. मग ते तेवढ्यापुरते दुसऱ्याच्या कामाला का लावू नये?

अमेरिकेतल्या ओल्ड डोमिनियन विद्यापीठातले स्टीफन ओलारियू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१०-११ च्या सुमारास ही कल्पना ‘वाहनांचे क्लाउड’ म्हणून मांडली. २०१२ मध्ये त्यांच्या गटाने विमानतळाच्या पार्किंगचा विचार केला. प्रवासी गाडी ठेवून चार-चार दिवस परगावी जातात. त्या गाड्यांना वीज आणि नेटवर्कची तार जोडली, तर पार्किंगचेच डेटा सेंटर होईल, आणि बदल्यात मालकाला फुकट पार्किंगसारख्या सवलती देता येतील. खरा प्रश्न गणिताचा होता. कोणती गाडी कधी येईल आणि कधी निघून जाईल, हे एकेका गाडीबद्दल सांगता येत नाही. पण शेकडो गाड्या असल्या की दर तासाला साधारण किती उभ्या असतील, याचा भरवशाचा अंदाज बांधता येतो.

भिवंडीकराला यात नवे काही वाटू नये. इथला यंत्रमाग बहुतांशी जॉबवर चालतो. व्यापारी सूत पाठवतो, माग कारखानदाराचा असतो, कापड व्यापाऱ्याचे होते आणि कारखानदाराला ‘पिक’च्या, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या, हिशेबाने मजुरी मिळते. सूत कोणाचे, कापड कोणत्या बाजारात जाणार, याच्याशी मागाचा संबंध नाही. गाडीतल्या प्रोसेसरचेही तसेच: बाहेरून गणित येते, तो ते सोडवतो, उत्तर परत जाते. मुंबईच्या गिरण्यांनी टाकून दिलेले माग भिवंडीत येऊन पुन्हा कामाला लागले, हा इतिहासही इथे आठवण्यासारखा आहे.

फरक एकच, आणि तो मोठा आहे. माग जागचा हलत नाही. गाडी मात्र डॉक मोकळा झाला की निघते, मग तिच्यावरचे काम अर्धे झालेले असो की पूर्ण. म्हणून अशा व्यवस्थेत मोठ्या कामाचे बारीक तुकडे करावे लागतात. प्रत्येक तुकडा कुठवर आला याची नोंद ठराविक वेळाने बाहेर साठवावी लागते, म्हणजे गाडी गेली तरी दुसरी गाडी तिथूनच पुढे काम उचलते. फार महत्त्वाचा तुकडा असेल तर तो एकाच वेळी दोन गाड्यांना द्यायचा. एक निघून गेली तरी दुसरी पुरा करते. यात थोडी मेहनत दुप्पट होते, पण काम अडत नाही.

विखुरलेल्या यंत्रांकडून मोठे काम करून घेता येते, हे आधीच सिद्ध झाले आहे. बर्कलेच्या कॅलिफोर्निया विद्यापीठाने १९९९ मध्ये सेटी-अॅट-होम सुरू केले आणि जगभरच्या लोकांच्या घरातले रिकामे संगणक रेडिओ दुर्बिणीचे संकेत चाळू लागले. हे काम २०२० पर्यंत चालले. त्याच वर्षी कोरोनाच्या विषाणूतील प्रथिनांचा अभ्यास करणाऱ्या फोल्डिंग-अॅट-होममध्ये इतके स्वयंसेवक सामील झाले की एकत्रित गणनेचा वेग सेकंदाला एक अब्ज-अब्ज क्रियांच्या पुढे गेला. आणि पुण्यातल्या सी-डॅकने विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये केलेला परम ८००० हा महासंगणक तरी काय होता? ट्रान्सप्युटर नावाच्या लहान चिप एकमेकींना जोडून मोठे काम करून घेण्याचा तो यशस्वी प्रयोग होता.

मात्र माणकोलीच्या रांगेतल्या ट्रकमध्ये आज काय आहे, ते नीट पाहायला हवे. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरीसुद्धा नसते. टोलनाक्यावरच्या यंत्राच्या लहरींवर तो क्षणभर जागा होतो. सार्वजनिक प्रवासी वाहनांसाठी सरकारने सक्तीचे केलेले, पुण्याच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेने प्रसिद्ध केलेल्या एआयएस-१४० मानकाचे यंत्र ट्रकमध्ये असले, तरी ते गाडीचे ठिकाण कळवते आणि संकटाच्या बटणाचा इशारा पोचवते. टाटा मोटर्सच्या फ्लीट एजसारख्या सेवा मालकाला इंधन, वेग आणि देखभालीची माहिती देतात. हे सगळे उपयोगाचे आहे, पण भाड्याने देण्याएवढी गणनशक्ती त्यात नाही.

ती आहे नव्या विजेवरच्या आणि स्वतः रस्ता पाहणाऱ्या गाड्यांत. टेस्लाने २०१९ मध्ये आणलेला गाडीतला संगणक सेकंदाला १४४ लाख कोटी क्रिया करतो, आणि त्याला वीज लागते सुमारे ७२ वॉट, म्हणजे छताच्या एका पंख्याएवढी. २०२४ च्या एप्रिलमध्ये इलॉन मस्क यांनी गुंतवणूकदारांपुढे भविष्यातला हिशेब मांडला: दहा कोटी गाड्या, प्रत्येकीत एक किलोवॉटची गणनशक्ती, एकूण १०० गिगावॉट. हा हिशेब फार पुढच्या दिवसांचा आहे. भिवंडीपुरता लहान हिशेब अधिक कामाचा ठरेल. अशा १०० मालवाहू व्हॅन रात्री ८ तास चार्जरला लावल्या, तर त्यांचे संगणक मिळून सुमारे ५८ युनिट वीज खातील. हेच काम डिझेलच्या ट्रकवर करायचे म्हटले तर इंजिन चालू ठेवावे लागेल, आणि नुसत्या उभ्या इंजिनाला तासाला लिटर-दोन लिटर डिझेल लागते. तिथे हा धंदा बुडीतच.

प्रत्येक काम गाडीला मानवेल असेही नाही. ज्यात माहिती थोडी आणि आकडेमोड भरपूर, तेच परवडते. अवाढव्य चित्रफिती मोबाइल नेटवर्कवरून आणायच्या आणि न्यायच्या, त्यापेक्षा ऐरोली-पनवेलची डेटा सेंटरे हाकेच्या अंतरावर आहेत. गाडीचा खरा फायदा जागेवरच्या कामात आहे. नागपुरात २०२१ मध्ये जाहीर झालेल्या आय-रास्ते प्रकल्पात महापालिकेच्या बसगाड्यांवर कॅमेरे बसवले गेले. धडकेचा धोका यंत्र गाडीतच ओळखते आणि चालकाला सावध करते. असे इशारे एकाच ठिकाणी वारंवार मिळाले, तर ते ठिकाण अपघाताच्या आधीच धोक्याचे म्हणून नोंदता येते. महाराष्ट्रातले हे सर्वात जवळचे उदाहरण. त्यात गणनशक्ती भाड्याने दिलेली नाही, पण रस्त्यावरचे गणित रस्त्यावरच सोडवता येते, एवढे त्यातून दिसले.

उरतो मजुरीचा प्रश्न, आणि या लेखाच्या दृष्टीने तोच मुख्य आहे. चिप झिजते, बॅटरीची चार्जिंगची चक्रे खर्ची पडतात, उन्हाळ्यात बंद गाडीतल्या संगणकाला थंड ठेवायलाही वीज जाते. हा खर्च गाडीमालकाचा. पण गाडीतल्या सॉफ्टवेअरची किल्ली कंपनीच्या हातात असते आणि गिऱ्हाईकही तीच आणणार. जॉबवर माग चालवणाऱ्याला दर ठरवताना काय सोसावे लागते, हे भिवंडीच्या गल्ल्यांना पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. म्हणून किती तास काम झाले, किती युनिट वीज गेली आणि किती पैसे झाले, हे मालकाला मोबाइलवर रोज दिसले पाहिजे. नको असेल त्या दिवशी काम बंद करण्याचे बटण त्याच्याकडेच हवे, आणि परक्याच्या कामाला त्याच्या गाडीच्या मार्गाची किंवा मालाची माहिती दिसता कामा नये. एआयएस-१४० मध्ये यंत्राने काय कळवायचे हे कलमवार लिहिले गेले, तसे हेही लिहावे लागेल, आणि ते पहिली गाडी या कामाला लागण्याआधी.