पुस्तकाएवढा प्रतिस्पर्धी

हातात मावणाऱ्या बुद्धिबळ संगणकाशी खेळताना चाल सांगायची नसते, दाबायची असते. पटाच्या प्रत्येक घराखाली एक दाबकळ असते. घोडा जी१ वरून एफ३ वर न्यायचा असेल तर तो आधी आहे त्याच घरात हलकेच दाबायचा. बीप वाजतं, उभ्या आणि आडव्या पट्टीच्या कडेचे दिवे लागतात. मग घोडा एफ३ वर ठेवून पुन्हा दाबायचा. थोड्या वेळाने दिवे यंत्राची चाल दाखवतात आणि तीही आपणच आपल्या हाताने खेळायची. किल्लेकोट करताना आधी राजा, मग हत्ती. समोरचं प्यादं जाता जाता मारलं, तर ज्या घरातून ते उचलायचं तिथले दिवे लागतात. प्रवासी पटाला भोकं असतात आणि सोंगट्यांना खाली खुंट्या, म्हणून गाडीचा धक्का बसला तरी डाव मोडत नाही.

यंत्राला सोंगटी दिसत नाही. त्या घरात घोडा आहे की उंट, हे दाबावरून कळत नाही. सुरुवातीची मांडणी त्याला ठाऊक असते आणि तिथून पुढे कुठून कुठे दाब पडला एवढ्यावर ते हिशेब ठेवतं. म्हणून एखादी सोंगटी चुकीच्या घरात बसली की आपला पट वेगळा आणि त्याचा वेगळा. बहुतेक यंत्रांत सोंगट्यांच्या चित्रांच्या कळा असतात. राजाची कळ दाबली की त्याच्या हिशेबी राजा कुठे आहे ते दिव्यांनी दिसतं. घोळ झाला की आधी हे तपासावं.

घरातल्या वडीलधाऱ्यांनी ज्यांना देशी पद्धतीचा खेळ शिकवला, त्यांची पहिली अडचण वेगळीच असते. त्या खेळात प्यादं एकच घर सरकतं आणि शह बसला नसेल तर राजा एकदा घोड्यासारखी उडी मारू शकतो. यंत्र ती उडी मान्य करत नाही, चूक झाल्याचा आवाज काढतं आणि योग्य चालीची वाट पाहतं. आंतरराष्ट्रीय नियम अंगवळणी पडायला इतका शांत शिक्षक मिळणं कठीण.

बुद्धिबळ खेळणारं घरगुती यंत्र बाजारात पहिल्यांदा आलं १९७७ साली. अमेरिकेतल्या फिडेलिटी इलेक्ट्रॉनिक्सचं ‘चेस चॅलेंजर’, प्रोग्राम रॉन नेल्सन यांचा. तेव्हा पटाला जाण नव्हती. चाल आकड्या-अक्षरांच्या कळांवर टंकावी लागे, आणि पातळी एकच होती. तीनच वर्षांनी, १९८०मध्ये, लंडनला मायक्रोसंगणकांची पहिली जागतिक स्पर्धा झाली. ती फिडेलिटीच्याच यंत्राने जिंकली, पण त्याचा प्रोग्राम डॅन आणि कॅथ स्प्रॅकलेन या दाम्पत्याचा होता. पुढे म्युनिकचं ‘मेफिस्टो’, हाँगकाँगचे ‘नोवॅग’ आणि ‘सायटेक’ यांच्यात चुरस लागली. सायटेकच्या यंत्रांवर तर खुद्द गॅरी कास्पारोव्हचं नाव असे. मेफिस्टोसाठी प्रोग्राम लिहिणाऱ्या रिचर्ड लँग यांचा ‘चेसजीनियस’ १९९४ साली लंडनच्या जलद स्पर्धेत पेंटियम संगणकावर चालला आणि त्याने कास्पारोव्हला हरवलं.

मला या सगळ्यात सर्वांत विलक्षण वाटते ती यंत्रांमधली काटकसर. नव्वदच्या दशकातल्या सायटेकच्या काही चांगल्या छोट्या यंत्रांत हिताचीची एकच चिप असे. संपूर्ण प्रोग्राम ३२ किलोबाइटमध्ये आणि कामापुरती स्मृती एक किलोबाइट. मोबाइलमधला एक साधा फोटोही याहून कितीतरी जड असतो. तो प्रोग्राम फ्रान्स मॉर्श यांचा, ज्यांनी जगभर वापरलेला ‘फ्रिट्झ’ही घडवला.

एवढ्याशा जागेत विचार कसा होतो? मधल्या डावात एका वेळी साधारण ३५ चाली शक्य असतात. त्या प्रत्येकीला समोरून ३५ उत्तरं. दोन्ही बाजूंच्या दोन-दोन चाली पाहायच्या म्हटल्या तर पंधरा लाख मांडण्या होतात. इथे एक साधी युक्ती कामी येते. एखाद्या चालीला समोरच्याचं एकच जबर उत्तर सापडलं आणि ती चाल आधीच्या चालीपेक्षा वाईट ठरली, की तिची बाकीची उत्तरं तपासायची नाहीत. चांगल्या चाली आधी तपासल्या गेल्या तर पंधरा लाखांचं काम अडीच हजारांच्या आत आटोपतं.

पण नजरेला कुठेतरी सीमा असतेच आणि ती सीमा पटावर डोळ्यांनी दिसते. यंत्राचा उंट कोंडला गेला आहे, वाचणार नाही. अशा वेळी ते उगाचच एक प्यादं पुढे ढकलून तुमच्या वजिरावर चालून येतं. प्यादं मारलं की दुसरं पुढे येतं. उंट जाण्याची घटका त्याच्या दृष्टीपलीकडे ढकलली गेली, म्हणजे त्याच्या लेखी उंट वाचला. प्रत्यक्षात दोन प्यादी गेली आणि उंटही गेला. हे एकदा ओळखू आलं की यंत्राने वजिरावर केलेला प्रत्येक हल्ला खरा नसतो, हे समजतं. माणसांशी खेळतानाही ही नजर उपयोगी पडते.

वापराबद्दल माझी मतं ठाम आहेत. नवशिक्यांसाठीच्या अगदी खालच्या पातळ्यांवर फार रेंगाळू नये. तिथे यंत्र मुद्दाम हत्ती-घोडे फुकट देतं आणि आपल्याला फुकट मिळण्याची वाट पाहायची सवय लागते. चालीला पाच-दहा सेकंद देणारी पातळी लावावी आणि निम्म्याहून अधिक डाव हरण्याची तयारी ठेवावी. यंत्र झटपट खेळतं म्हणून आपणही झटपट खेळू नये. चाली वहीत लिहाव्यात. चाल मागे घेण्याची कळ डाव संपेपर्यंत विसरावी. संपल्यावर मात्र जिथे घसरलो तिथवर मागे जाऊन दुसरी चाल खेळून पाहावी. मोबाइलमधला प्रोग्राम जगज्जेत्यालाही भारी आहे आणि चूक होताच लाल खूण दाखवतो. पण चूक शोधण्याचे कष्टच मुलांना घडवतात, आणि ते कष्ट तो आपल्या हातून काढून घेतो.

या यंत्राचा खरा उपयोग मात्र डावाच्या अखेरच्या टप्प्यासाठी आहे. मांडणीची कळ दाबून पट रिकामा करा. पांढरा राजा ई४ वर, प्यादं ई३ वर आणि काळा राजा ई६ वर ठेवा. चाल काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो; पांढऱ्याची असेल तर बरोबरी. प्यादं ई२ वर ठेवलं तर चाल कोणाचीही असो, पांढराच जिंकतो, कारण एक जादा चाल त्याच्या गाठीशी असते. पुस्तकात हे वाचून पटतं, पण हात बसत नाही. यंत्राला वरची पातळी देऊन काळ्या राजाचा बचाव करायला लावा. ते कंटाळत नाही, दमत नाही, चिडून डाव सोडत नाही. जिंकण्याच्या तीनही मांडण्या बिनचूक जमल्या की बाजू बदला: प्यादं ई३ वर, चाल पांढऱ्याची, आणि काळ्या राजाने बरोबरी राखायची जबाबदारी तुमची.