एरंड, गुंज आणि सिकलसेल

पवनारला धामच्या काठाने चालू लागलं की एरंड दिसतोच. काटेरी बोंडं उन्हात तडकतात, ठिपक्यांच्या चकचकीत बिया बाहेर पडतात. कुंपणावर कुठे गुंजेचा वेल असतो. लाल बी, टोकाला काळा डाग. ९६ गुंजांचा एक तोळा, असं सोनारांचं जुनं माप. दोन्ही बियांमध्ये जबर विष आहे (एरंडेल तेलात मात्र ते उतरत नाही, पेंडीत राहतं), आणि या विषांनी मला वर्षानुवर्षं वेड लावलं आहे.

१८९१ साली जर्मनीत पॉल एर्लिश यांनी उंदरांना एरंडातलं रायसिन आणि गुंजेतलं अॅब्रिन खाण्यातून अगदी थोडं थोडं, वाढवत नेत दिलं. पुढे ते उंदीर मारक मात्राही पचवू लागले. पण रायसिनला सरावलेला उंदीर अॅब्रिनने मेलाच! रक्तात तयार झालेली प्रतिपिंडं फक्त आपापलं विष ओळखत होती. मला हा प्रयोग वैद्यकाच्या इतिहासातला सर्वांत देखणा वाटतो.

रायसिनचे दोन भाग असतात. एक पेशीला चिकटतो. दुसरा आत शिरून, प्रथिनं बनवणारे रायबोसोम मिनिटाला हजाराहून जास्त या वेगाने निकामी करतो. संशोधकांनी चिकटणारा भाग काढून तिथे प्रतिपिंड जोडलं. आता विष जाईल ते ठरवलेल्या पेशीकडेच. अडचणी आल्या. रक्तवाहिन्या पाझरू लागल्या, शरीर त्या विषाविरुद्धच प्रतिपिंडं बनवू लागलं. रायसिन मागे पडलं, कल्पना टिकली. रक्ताच्या कर्करोगावरचं जेमटुझुमॅब २००० साली आलं, २०१० मध्ये अमेरिकेच्या बाजारातून मागे घेतलं गेलं, २०१७ मध्ये मात्रा बदलून परतलं. हॉजकिन्सवरचं ब्रेंटुक्सिमॅब २०११चं.

पण मला या कल्पनेची ओढ आहे ती आपल्या विदर्भाच्या दुखण्यासाठी. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचे रुग्ण नेहमीचे. एका डॉक्टर मित्राने मला सूक्ष्मदर्शकाखाली अशा रक्ताची काच दाखवली. गोल पेशींच्या गर्दीत विळ्यासारख्या वाकड्या, टोकदार पेशी. बारीक रक्तवाहिन्यांत त्या अडकल्या की हाडं ठणकतात, तान्ह्या बाळांची बोटं सुजतात.

हायड्रॉक्सीयुरियाने त्रास कमी होतो. मुळापासून बरं व्हायचं तर अस्थिमज्जा प्रत्यारोपण किंवा जनुकोपचार, आणि त्याआधी जुनी मज्जा रिकामी करावी लागते. हे काम आज बुसल्फानसारखी औषधं करतात. तोंड सोलवटतं, जंतुसंसर्गाची भीती राहते, पुढे मूल होण्याची क्षमता जाऊ शकते. इथेच प्रतिपिंड-विषाची जोडी हवी आहे. साबणी वनस्पतीतलं सॅपोरिन रायबोसोमवर रायसिनसारखाच घाव घालतं. मज्जेतल्या पेशी ओळखणाऱ्या प्रतिपिंडाला ते जोडून उंदरांची मज्जा रिकामी करता आली. २०१६ साली हे प्रसिद्ध झालं. माणसांत, रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवर, विषारी अळंबीतलं अॅमॅनिटिन जोडलेल्या औषधाची चाचणी झाली. एका रुग्णाच्या मृत्यूनंतर २०२३ मध्ये ती थांबली. तरी ही वाट सोडू नये, असं माझं ठाम मत आहे. जेमटुझुमॅबलाही दुसरी संधी मिळाली होती.

तोवर हाताशी आहे ती तपासणी. सोल्युबिलिटी टेस्टला थेंबभर रक्त पुरतं. ती पॉझिटिव्ह आली तर पुढची चाचणी ‘एएस’ (फक्त वाहक) की ‘एसएस’ (प्रत्यक्ष आजार) पॅटर्न ते सांगते. आईबाप दोघंही ‘एएस’ असतील, तर प्रत्येक खेपेला बाळ ‘एसएस’ असण्याची शक्यता २५ टक्के. घरात कुणाला सिकलसेल असेल, तर लग्नाची बोलणी सुरू होण्याआधी मुलामुलींची तपासणी सरकारी दवाखान्यात करून घ्या.