चहा कोणत्या कपात येतो?

आदिलाबादच्या कापूस बाजारात तेलुगू, मराठी आणि गोंडी एकाच वजनकाट्याभोवती ऐकू येतात. पण कामाच्या ठिकाणचा वर्गभेद कळायला भाषा नको, चहा येतो तेव्हा नीट पाहायचं. चिनीमातीचा कप कोणाला, कागदी कोणाला? ‘बसा’ कोणाला म्हणतात आणि कोण दाराशी उभ्यानेच पितो? शिवीगाळ नसते, म्हणून तक्रारही होत नाही. बढतीच्या वेळी मात्र तो दाराशी उभा असलेला माणूस कोणाला आठवत नाही.

‘बोलणं गावठी आहे, जमणार नाही’ हे उमेदवाराबद्दलचं वाक्य फार घातक. याला तेव्हाच्या आदिलाबाद जिल्ह्याने उत्तर दिलेलं आहे. 1940 मध्ये जोडेघाटला निजाम सरकारविरुद्ध लढणारे गोंड नेते कोमरम भीम मारले गेले. त्यानंतर निजाम सरकारने मानववंशशास्त्रज्ञ हायमेनडॉर्फ यांना इथे पाठवलं. 1943 च्या सुमारास मारलवाईला गोंड शिक्षकांचं प्रशिक्षण सुरू झालं, गोंडी वाचनपुस्तकं देवनागरीत निघाली. कचेरीच्या पायरीवर ताटकळणाऱ्या समाजातूनच मास्तर तयार झाले. माणसं तीच होती, फक्त संधी मिळाली.

राज्यघटनेचं 16 वं कलम सरकारी नोकरीत धर्म, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून भेदभाव करायला मनाई करतं. कपडे, बोली, बापाचा धंदा यांचा त्यात उल्लेख नाही. ते आपल्यालाच सांभाळावं लागेल. पुढच्या मुलाखतीआधी प्रश्न लिहून काढा, आणि प्रत्येक उमेदवाराला तेच विचारा.