हातांस शिकविणारी शाळा

पायथागोरसचा सिद्धांत मुखोद्गत असलेल्या विद्यार्थ्यास लोखंडी चौकट काटकोनात आहे की नाही हे पाहावयास सांगितले, तर तो बहुधा गुण्या शोधू लागतो. वस्तुतः कोपऱ्यापासून एका बाजूवर ३ फूट व दुसरीवर ४ फूट मोजून खुणा कराव्या. खुणांमधील अंतर ५ फूट भरले की काटकोन सिद्ध झाला. ज्याने चौकट स्वतः सांधली, तो हे जन्मभर विसरत नाही.

ह्याच विचारावर डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ साली पुणे जिल्ह्यात पाबळ येथे विज्ञान आश्रम स्थापिला. अमेरिकेत डॉक्टरेट मिळवून हिंदुस्थान लीव्हरच्या संशोधनखात्यात काम केलेला हा शास्त्रज्ञ शाळा सुटलेल्या खेडुत मुलांत येऊन राहिला. परीक्षेत मागे पडलेला मुलगा मंदबुद्धी नव्हे, त्यास शिकविण्याची रीत चुकली, अशी त्यांची धारणा होती. तेथील एक वर्षाच्या निवासी शिक्षणात यंत्रकाम व बांधकाम, ऊर्जा, शेती व पशुपालन, गृह व आरोग्य ही सर्व अंगे येतात. मुले लोखंडी सांगाड्याचे घुमट उभारतात, तेव्हा चौकोन दाबला असता कलतो, त्रिकोण मात्र कलत नाही, हे त्यांस पुस्तकाविना कळते. २००२ साली तेथे संगणकाने चालणाऱ्या यंत्रांची फॅब लॅबही सुरू झाली. आश्रमाचे हे शिक्षण माध्यमिक शाळांतही आठवड्यातून एक दिवस दिले जाऊ लागले.

आमच्या धानोरा भागास ह्याची गरज विशेष आहे. एकोणिसाव्या शतकात चांदा जिल्ह्यात कोळसा व भाता यांच्या बळावर लहान भट्ट्यांतून लोखंड गाळीत असत. आज सुरजागडच्या डोंगरातून खनिज निघते व कोनसरीस लोखंडाचा कारखाना उभा आहे. तेथे आमच्या गोंड मुलामुलींनी केवळ ओझी वाहावी काय? घरी गोंडी बोलणाऱ्या मुलास मराठी पुस्तक आधीच परके वाटते. कानस व करवत यांस भाषेची अडचण नाही. प्रभू येशू सुताराच्या घरी वाढले, हे आम्ही वर्गात आवडीने सांगतो. परंतु त्या वर्गातील किती मुलांनी रंधा हाती धरला असेल?

आरंभास फार द्रव्य लागत नाही. एक शेगडा, कानशी, करवत, गुण्या व मोजपट्टी एवढ्यावर पहिले वर्ष निघते. विजेचे जोडकाम मागाहून शिकवावे, कारण त्या ठिणगीचा प्रकाश डोळ्यांस भाजतो; काळ्या काचेची ढाल, हातमोजे व चामडी बूट असल्यावाचून मुलांस त्याजवळ उभेही करू नये. शिक्षक शोधावयास दूर जाणे नको. गावात दुकान चालविणारा कारागीरच, पाबळच्या पद्धतीप्रमाणे, आठवड्यातून एक दिवस शाळेत यावा. पहिल्या दिवशी त्याच्यापुढे शाळेतील मोडके बाक ठेवावे, आणि दुरुस्तीस लोखंड किती लागेल व खर्च किती येईल, ह्याचा हिशेब मुलांकडूनच मांडून घ्यावा.