फैजपूरच्या गुरुजी-मॅडमसाठी तीन पुस्तकं 📚

आपल्या फैजपूरच्या उत्तरेला सातपुडा, तिथली तडवी, पावरा आदिवासी मुलं आपल्याच वर्गात बसतात. त्यांच्या जगण्यावर आणि जातीच्या प्रश्नावर स्टाफरूममध्ये बोलायचंय? मग हे वाचाच:

📗 ‘गुलामगिरी’ (१८७३), जोतीराव फुले : अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्यांना अर्पण केलेलं पुस्तक. जात आणि वर्णद्वेष यांचं नातं फुल्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

📗 ‘गोधड’, वाहरू सोनवणे : भिल्ल समाजातल्या कार्यकर्त्या कवीच्या कविता. वर्गात मोठ्यानं वाचा, मग मुलांना त्यांच्या बोलीत अर्थ सांगू द्या.

📗 ‘आदोर’, नजुबाई गावित : धुळे जिल्ह्यातल्या आदिवासी लेखिकेचं आत्मकथन.

यातलं एक तरी पुस्तक शाळेच्या कपाटात हवंच. नसेल, तर यंदाच्या खरेदीच्या यादीत नक्की घाला!