उन्हाळी वर्गाच्या प्रमाणपत्राने विद्यापीठाचे दार उघडत नाही

न्यूझीलंडमध्ये मुलांना घरीच शिकवणाऱ्या पालकांमध्ये, मूल पंधरा-सोळा वर्षांचे झाले की, एक समजूत हमखास डोके वर काढते. मुलाचे नाव कोणत्याही शाळेच्या पटावर नसल्यामुळे विद्यापीठ त्याला दारातही उभे करणार नाही, आणि ही उणीव भरून काढायची असेल तर एखाद्या नामांकित परदेशी विद्यापीठाच्या उन्हाळी अभ्यासवर्गाचे प्रमाणपत्र, कर्ज काढावे लागले तरी, मिळवलेच पाहिजे, अशी ती समजूत आहे. ती मुळापासून चुकीची आहे, आणि वारंवार खोडून काढूनही ती टिकून राहते याचे मुख्य कारण असे की प्रवेशाचे प्रत्यक्ष नियम वाचण्याचे कष्ट फार थोडे पालक घेतात.

वस्तुस्थिती अशी आहे की गृहशिक्षण ही न्यूझीलंडमध्ये कायद्याने मान्य केलेली व्यवस्था आहे. सहा ते सोळा वर्षे वयाच्या मुलाला शाळेत घालणे बंधनकारक असले, तरी २०२० च्या शिक्षण आणि प्रशिक्षण कायद्याच्या कलम ३८ खाली शिक्षण मंत्रालय त्यातून सूट देते. अट एवढीच, की नोंदणीकृत शाळेत मिळाले असते तितके नियमित आणि तितके चांगले शिक्षण मुलाला घरी मिळावे. अशा मुलाला पुढे विद्यापीठात जायचे असेल तर ‘युनिव्हर्सिटी एन्ट्रन्स’ ही प्रवेश-अर्हता लागते. ती एनसीईए या राष्ट्रीय प्रमाणपत्र-पद्धतीच्या तिसऱ्या स्तरावर, तीन मान्य विषयांत प्रत्येकी १४ क्रेडिट, म्हणजे अभ्यासघटकांचे गुणांक, मिळवून आणि त्यासोबत वाचन-लेखन व अंकज्ञानाची ठरावीक क्रेडिट पूर्ण करून मिळते. ही पद्धत बदलण्याची घोषणा सरकारने २०२५ मध्ये केली असल्याने आज लहान असलेल्या मुलांच्या पालकांनी नवे नियम पाहत राहावे. केंब्रिज परीक्षांसारखे पर्यायही मान्य आहेत. शिवाय वीस वर्षांखालील ज्या विद्यार्थ्याकडे ही अर्हता नाही, त्याच्यासाठी विद्यापीठे स्वेच्छाधिकारातील प्रवेशाचा मार्ग ठेवतात, ज्यात विद्यार्थ्याची तयारी पाहून निर्णय होतो. हा मार्ग प्रामुख्याने नागरिक आणि कायम निवासी यांच्यासाठी असल्याने तात्पुरत्या व्हिसावर असलेल्या कुटुंबांनी आपली पात्रता आधी विचारून घ्यावी. या साऱ्या नियमांत उन्हाळी वर्गाच्या प्रमाणपत्राची अट कोठेही नाही.

मग ही समजूत आली कोठून? ती अमेरिकेतून आली. तेथील अनेक विद्यापीठे प्रवेश देताना गुणांबरोबर विद्यार्थ्याचे इतर उपक्रमही पाहतात, आणि त्या धास्तीवर काही आठवड्यांच्या निवासी वर्गांचा मोठा बाजार उभा राहिला आहे, ज्यांचे शुल्क कित्येक हजार डॉलरच्या घरात जाते. मोठ्या विद्यापीठाच्या आवारात भरलेला वर्ग म्हणजे त्या विद्यापीठाने केलेली निवड नव्हे, हे अमेरिकेतही खरे आहे. उलट एमआयटीमध्ये भरणाऱ्या ‘रिसर्च सायन्स इन्स्टिट्यूट’सारख्या, निवड अत्यंत कठीण असलेल्या कार्यक्रमाला शिकवणीचे शुल्कच नसते. महाराष्ट्रातील वाचकाला याचे जवळचे उदाहरण पुण्यातच सापडेल. खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या काळापासून आयुका या खगोलशास्त्र संशोधन संस्थेत चालत आलेल्या शालेय विद्यार्थ्यांच्या उन्हाळी उपक्रमात मुले आठवडाभर एकेका शास्त्रज्ञाबरोबर काम करतात, आणि त्यासाठी पालकांना शुल्क भरावे लागत नाही. महाग ते दर्जेदार आणि फुकट ते हलके, हा हिशेब शिक्षणाला लावणाऱ्यांनी या दोन उदाहरणांचा विचार करावा.

प्रमाणपत्रासाठी नव्हे, तर मुलाला प्रयोगशाळा पाहता यावी, समवयस्कांबरोबर गणिताचा एखादा कठीण प्रश्न सोडवता यावा, म्हणून उन्हाळी वर्ग शोधणे मात्र सर्वस्वी योग्य आहे, आणि त्यासाठी देश सोडण्याची गरज नाही. येथे एक साधी गोष्ट विसरली जाते, ती म्हणजे न्यूझीलंडचा उन्हाळा डिसेंबर ते फेब्रुवारी असा असतो. जून-जुलैच्या अमेरिकी कार्यक्रमांच्या याद्या चाळणारे पालक ऐन हिवाळ्यात उन्हाळी वर्ग शोधत असतात. जानेवारीत डनीडिनच्या ओटागो विद्यापीठात ‘हँड्स-ऑन अ‍ॅट ओटागो’ हा आठवडाभराचा निवासी उपक्रम भरतो, ज्यात मुले विद्यापीठातील संशोधकांच्या हाताखाली एखाद्या प्रकल्पावर काम करतात. त्याच महिन्यात ऑकलंडमध्ये रोटरीचा राष्ट्रीय विज्ञान आणि तंत्रज्ञान मेळावा होतो. तो तेराव्या इयत्तेत, म्हणजे शालेय शिक्षणाच्या शेवटच्या वर्षात जाणाऱ्यांसाठी असतो, आणि त्याच्या खर्चाचा भार उचलण्यात स्थानिक रोटरी क्लबांचा वाटा असतो. गणिताची आवड असणाऱ्या मुलासाठी न्यूझीलंडच्या गणित ऑलिंपियाड समितीचे जानेवारीतील शिबिर आहे. हा देश १९८८ पासून आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडमध्ये उतरत आहे, आणि निवडीसाठी पूर्वी दिलेले प्रश्न उत्तरांसह कोणालाही विनामूल्य पाहता येतात. ते प्रश्न दोन महिने चिकाटीने सोडवणे हा स्वतःच एक उत्तम उन्हाळी वर्ग आहे, आणि त्याला एक डॉलरही लागत नाही.

काही छोट्या समजुतींचाही येथेच निकाल लावणे बरे. १९२२ मध्ये पत्रद्वारा शाळा म्हणून सुरू झालेली ‘ते कुरा’ ही सरकारी दूरशिक्षण शाळा सर्वांना मोफत असते, हे खरे नाही. सूट घेऊन घरी शिकणाऱ्या सोळा वर्षांखालील मुलाला तेथे शुल्क पडते, तर दुसऱ्या शाळेत नाव नसलेल्या सोळा ते एकोणीस वर्षांच्या मुलांना ती विनाशुल्क शिकवते. ‘ते कुरा’चे उन्हाळी सत्र हे विद्वत्तेचे शिबिर नसून थोडी क्रेडिट कमी पडलेल्यांसाठीची सोय आहे. गृहशिक्षणासाठी सरकार देते तो भत्ता वर्षाला काही शे डॉलरचाच असतो, त्यातून निवासी शिबिराची तजवीज होईल असे धरून चालू नये. आणि अर्जात शाळेचे नाव विचारले म्हणजे घरी शिकणाऱ्याला मज्जाव आहे, असा अर्थ काढून अर्ज बाजूला ठेवणे ही तर सर्वांत महागात पडणारी चूक आहे, कारण त्या जागी सूटपत्राची प्रत आणि मुलाला ओळखणाऱ्या एखाद्या शिक्षकाची किंवा मार्गदर्शकाची शिफारस चालेल का, हे विचारायला एक पत्र पुरते.

जानेवारीच्या शिबिरांची निवड आदल्या वर्षीच होऊन जाते. पालकांनी ही चौकशी हिवाळ्यातच करावी, शुल्क परवडण्याजोगे नसेल तर सवलत किंवा शिष्यवृत्ती आहे का हे त्याच पत्रात संकोच न करता विचारावे, आणि परदेशी वर्गासाठी पैसे भरण्यापूर्वी मुलाला जेथे शिकायचे आहे त्या विद्यापीठाच्या प्रवेश कार्यालयाकडून नियम लेखी मागवून घ्यावेत.